घरं दोन झाली, गाणं एकच राहिलं

आमच्या गल्लीत दोन भाऊ राहायचे. थोरला पेटी वाजवायचा, धाकटा तबला. त्यांची आई घरात कन्नड बोलायची, वडील मराठी, आणि ज्या भाषेत हाक येईल त्या भाषेत ही मुलं ओ द्यायची. पुढं दोघांची लग्नं झाली, वाटण्या झाल्या, सोप्यात भिंत आली. परड्यातली विहीर तेवढी सामाईक राहिली. दोन्ही घरांतलं येणं-जाणं थांबलं, लग्नकार्याचं बोलावणंसुद्धा तिसऱ्याच्या तोंडी जाऊ लागलं. पण गुरुवारी रात्री देवळात भजन असायचं. तिथं थोरल्यानं पेटीचा भाता हलवला की धाकट्याचा हात आपसूक तबल्यावर पडायचा. भजन संपलं की दोघं दोन वाटांनी घरी परत.

मराठीत आपण याला भाऊबंदकी म्हणतो. कन्नडमध्ये ‘दायादी मत्सर’ म्हणतात. दोन्ही भाषांना या गोष्टीसाठी खास शब्द करावा लागला, यावरूनच हा आजार किती जुना आणि किती घरोघरचा आहे हे कळतं. पण तो फक्त आपल्याकडेच आहे असं मात्र नाही. सगळ्या जगातल्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना एकत्र बसवून गायला लावणाऱ्या दोन सख्ख्या भावांच्या घरीही तो होता. त्या भावांची नावं रॉबर्ट शर्मन आणि रिचर्ड शर्मन.

भावाभावांनी मिळून संगीत देणं आपल्याला नवीन नाही. म्हैसूरच्या राजन-नागेंद्र या भावांनी कन्नड सिनेमाला दिलेली गाणी आपल्याकडच्या कितीतरी घरांत अजून गुणगुणली जातात. ‘बयलु दारी’ आणि ‘ना निन्न मरेयलारे’ हे दोन्ही सिनेमे १९७६ चे, दोन्हींचं संगीत त्यांचंच. मराठीत आज अजय-अतुल आहेत. शर्मन बंधूंचं नाव आपल्याला तितकं ओळखीचं नसेल. पण ‘मेरी पॉपिन्स’ आणि ‘द जंगल बुक’ ही नावं घेतली की घरातली मुलं लगेच मान डोलावतील. या सिनेमांतली जवळजवळ सगळी गाणी या दोघांची.

बापाची पैज

शर्मनांच्या घरात गाणं बापाकडून आलं. वडील अल् शर्मन हे रशियन साम्राज्यातून अमेरिकेत आलेल्या ज्यू कुटुंबातले. न्यूयॉर्कमध्ये ‘टिन पॅन अ‍ॅली’ म्हणून ओळखली जाणारी एक वस्ती होती. गाणी लिहायची, ती कागदावर छापून विकायची, असा तिथला धंदा. अल् शर्मन तिथले गीतकार. धंदा बेभरवशाचा. १९ डिसेंबर १९२५ रोजी थोरला रॉबर्ट जन्मला तेव्हा दवाखान्याचं बिल भागवायला हातात पैसे नव्हते. नेमका त्याच वेळी एका गाण्याच्या मानधनाचा चेक टपालानं आला आणि त्यातून बिल चुकतं झालं, अशी आठवण त्या घरात सांगितली जायची. धाकटा रिचर्ड १२ जून १९२८ चा. पुढं १९३७ मध्ये हे कुटुंब कॅलिफोर्नियात बेव्हर्ली हिल्सला राहायला गेलं.

दोघा भावांचे स्वभाव म्हणजे दोन टोकं. रॉबर्ट अबोल, पुस्तकात डोकं घालून बसणारे, चित्रं काढणारे. मोठी कादंबरी लिहायची हे त्यांचं स्वप्न. रिचर्ड बोलके, हसरे, कुठंही पियानो दिसला की बोटं टेकणारे. त्यांना सिंफनी रचायच्या होत्या.

त्यात मध्ये महायुद्ध आलं. रॉबर्ट सतराव्या वर्षी, आईवडिलांची परवानगी घेऊन सैन्यात गेले. एप्रिल १९४५ मध्ये त्यांच्या गुडघ्यात गोळी शिरली. पुढं आयुष्यभर त्यांच्या हातात काठी राहिली. जर्मनीतल्या छळछावणीत जे पाहिलं तेही त्यांच्याबरोबर राहिलं. विशीही न गाठलेला मुलगा जे पाहून परत येतो, ते तो घरच्या जेवणाच्या ताटावर बसून सांगू शकत नाही. धाकट्याच्या वाट्याला असं युद्ध आलं नव्हतं. दोघांमधलं अंतर कुठून सुरू झालं हे शोधायचं तर इथं थोडं थांबावं लागतं.

युद्धानंतर दोघं न्यूयॉर्क राज्यातल्या बार्ड कॉलेजात शिकले आणि मग लॉस एंजेलिसमध्ये एकाच खोलीत राहू लागले. एक कादंबरीच्या मागं, दुसरा संगीताच्या. दोघांच्याही हाताला काही लागत नव्हतं. एक दिवस वडील आले, दोघांची अवस्था बघितली आणि त्यांना डिवचलं. दोघांची अक्कल एकत्र केलीत तरी, एखादं पोर डब्याचे पैसे खर्चून विकत घेईल असं एक गाणं तुमच्या हातून होणार नाही, अशा अर्थाचं ते बोलणं होतं. बापाचं बोलणं मुलांच्या वर्मी लागलं. १९५१ मध्ये दोघांनी मिळून पहिलं गाणं केलं आणि ते जीन ऑट्री या त्या काळच्या लोकप्रिय गायक-नटानं गायलं.

म्हणजे ही जोडी प्रेमापोटी जमली नव्हती, गरजेपोटी जमली होती. आपल्याकडं दोन भाऊ एका दुकानात बसतात, ते काही रोज एकमेकांवर जीव ओवाळून टाकतात म्हणून नव्हे. दुकान वडिलांनी काढून दिलेलं असतं.

साखरेचा खडा

१९५८-५९ च्या सुमाराला त्यांचं ‘टॉल पॉल’ हे गाणं अ‍ॅनेट फुनिचेल्लो या मुलीच्या आवाजात गाजलं. ती वॉल्ट डिस्नेंच्या कार्यक्रमांतून पुढं आलेली. त्यामुळं डिस्नेंचं लक्ष या भावांकडं गेलं आणि थोड्याच दिवसांत दोघं डिस्ने स्टुडिओत पगारावर रुजू झाले. १९६१ चा ‘द पॅरेंट ट्रॅप’ हा त्यांच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक. फारकत घेतलेल्या आईबापांना जुळ्या मुली पुन्हा एकत्र आणतात, अशी ती गोष्ट. आपल्याकडं ‘दो कलियाँ’ (१९६८) पाहिलेल्यांना ती लगेच ओळखू येईल.

मग डिस्नेंनी दोघांच्या हातात एक पुस्तक दिलं. पी. एल. ट्रॅव्हर्स या लेखिकेचं ‘मेरी पॉपिन्स’. वाचा आणि काय वाटतं ते सांगा, एवढंच सांगितलं. पुस्तकात एकेक प्रसंग सुटा होता, सलग गोष्ट नव्हती. भावांनी कामाला येतील अशी प्रकरणं निवडून त्यांवर खुणा केल्या आणि ते डिस्नेंना भेटायला गेले. डिस्नेंनी आपली प्रत काढून दाखवली. त्यांच्याही खुणा त्याच प्रकरणांवर होत्या. ही आठवण रिचर्ड शेवटपर्यंत सांगत.

गोष्टीचा काळ बदलून १९१० चा करायचा, ही सूचना भावांचीच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, या गोष्टीत बिघडलेलं काय आहे हे डिस्ने, शर्मन बंधू आणि त्यांचे सहकारी यांनी ठरवलं. बँकेत नोकरी करणारा बाप घरात असूनही मुलांच्या वाट्याला येत नाही. उडत येणारी ती दाई मुलांसाठी येते असं वाटतं, पण खरं म्हणजे ती त्या बापाला परत आणायला आलेली असते. सिनेमाची सगळी गाणी या एका धाग्यावर ओवलेली आहेत.

त्यातल्या एका गाण्याचा जन्म फार घरगुती आहे. मेरी पॉपिन्सच्या तोंडी असलेलं एक गाणं ज्युली अँड्र्यूज यांना पसंत पडेना. नवं काय लिहावं ते सुचेना. रॉबर्ट डोकं धरून घरी बसले होते, तेवढ्यात त्यांचा लहानगा जेफ्री शाळेतून आला. आज शाळेत पोलिओची लस दिली म्हणाला. दुखलं का रे, बापानं विचारलं. नाही, साखरेच्या खड्यावर औषध टाकून खायला दिलं, मुलगा म्हणाला. दुसऱ्या दिवशी रॉबर्ट स्टुडिओत गेले ते ‘अ स्पूनफुल ऑफ शुगर’ या ओळीसह.

आपल्या घरांतून १९९५ पासून पल्स पोलिओच्या रविवारी लेकरांना कडेवर घेऊन बूथवर गेलेल्या आयांना यातली गंमत वेगळी सांगायला नको. तेच तोंडातून द्यायचं औषध. तिकडं साखरेच्या खड्यावर, इकडं दोन थेंब थेट जिभेवर.

आता या गाण्यातली कारागिरी पाहा. औषध खाली उतरतं, असं शब्द सांगतात. साधा संगीतकार ‘खाली’ या अर्थाच्या शब्दावर सूरही खाली नेईल. रिचर्डनी तिथं सूर वर चढवला. औषध उतरतं आणि मन चढतं. शब्द थोरल्याचे, चढलेला सूर धाकट्याचा. एकाला ते एकट्याला सुचलं असतं का, कोण जाणे. तसे दोघंही शब्द आणि चाल दोन्हींत हात घालत. पण ढोबळ मानानं शब्दांचं वजन रॉबर्टकडं, सुरांची चपळाई रिचर्डकडं अशी वाटणी होती. गंभीर भाऊ गाण्याला खोल नेई आणि हसरा भाऊ त्याला बुडू देत नसे.

दोन पैशांचे दाणे आणि एक पतंग

‘मेरी पॉपिन्स’मधलं सगळ्यांत साधं गाणं म्हणजे ‘फीड द बर्ड्स’. लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या पायऱ्यांवर एक म्हातारी पाखरांसाठी दाण्याच्या पुड्या विकत बसलेली असते. पुडीला दोन पेनी. एवढंच. थोडीशी माया दाखवायला फार पैसे लागत नाहीत, असं सांगणारं ते गाणं. अंगाईच्या अंगानं जाणारी त्याची चाल आहे. वॉल्ट डिस्नेंना ते इतकं आवडलं की शुक्रवारी संध्याकाळी, कामं आटोपल्यावर, ते दोघा भावांना आपल्या खोलीत बोलवत आणि खिडकीबाहेर बघत ते गाणं वाजवायला सांगत. १५ डिसेंबर १९६६ रोजी डिस्ने गेले, तोवर हा शिरस्ता चालू होता.

‘चिम चिम चेरी’ हे धुराडी साफ करणाऱ्याचं गाणं एका चित्रावरून सुचलं. स्टुडिओतले डॉन डग्रेडी यांनी शीळ घालत चाललेल्या एका धुराडी साफ करणाऱ्याचं चित्र काढलं होतं. ते भावांनी पाहिलं, मग अशा माणसाशी हात मिळवला तर नशीब उघडतं ही विलायतेतली समजूत त्यांच्या हाती लागली आणि गाणं उभं राहिलं. आणखी एका गाण्यात चौतीस अक्षरांचा एक लांबलचक अर्थहीन शब्द आहे. तसल्या शब्दांचा खेळ दोघं भाऊ लहानपणी उन्हाळी शिबिरात खेळले होते. तिथली आठवण इथं कामाला आली. आपणही लहानपणी ‘च’ची भाषा बोलायचो, तसलाच प्रकार.

आणि शेवटचं गाणं पतंगाचं. ‘लेट्स गो फ्लाय अ काइट’. या गाण्याआड स्वतः अल् शर्मन उभे आहेत. त्यांना पतंग करण्याचा नाद होता. आजूबाजूच्या मुलांना ते पतंग करून देत. भावांनी चाल आधी चार मात्रांच्या ठेक्यात बांधली होती. ती डिस्नेंना नाटकाच्या शेवटच्या समूहगीतासारखी जड वाटली. वाऱ्यासारखी हलकी करा, म्हणाले. मग तीच चाल तीन मात्रांच्या ठेक्यात, झोका घेतल्यासारखी झाली. सिनेमात मुलांचा फाटलेला पतंग बाप स्वतः चिकटवून आणतो आणि मग सगळं घर मिळून तो उडवायला जातं. ज्या बापानं दोन भावांना एकत्र बसवलं, त्याच्या पतंगावर या सिनेमाचा शेवट होतो.

१९६४ मध्ये सिनेमा आला. ५ एप्रिल १९६५ च्या ऑस्कर समारंभात शर्मन बंधूंना दोन ऑस्कर मिळाली, एक सिनेमाच्या संगीतासाठी आणि एक ‘चिम चिम चेरी’साठी. दोघं भाऊ एका व्यासपीठावर, हातात बाहुल्या. तो फोटो पाहिला तर कुणीही म्हणेल, भाऊ असावेत तर असे.

शिळ्याला फोडणी

कामाच्या बाबतीत दोघं पक्के संसारी होते. केलेलं काही वाया घालवायचं नाही. ‘मेरी पॉपिन्स’मधून गळलेली एक चाल त्यांनी जपून ठेवली आणि ‘द जंगल बुक’मध्ये का नावाच्या अजगराच्या तोंडी घातली. त्याच सिनेमासाठी केलेलं समुद्राखालचं गाणं १९७१ च्या ‘बेडनॉब्ज अँड ब्रूमस्टिक्स’मध्ये गेलं. रात्रीच्या भाकरीचा सकाळी फोडणी देऊन कुस्करा करणाऱ्या आपल्या गृहिणी याला दाद देतील.

‘द जंगल बुक’ (१९६७) तर आपल्याच मुलखातली गोष्ट. किपलिंगचा मोगली वाढला तो मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या डोंगरात. नव्वदीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी यायचा तो मोगली निराळा, जपानी मालिकेतला. डिस्नेंच्या सिनेमाचा पहिला आराखडा फार काळोखा, भीतीदायक झाला होता. आधीच्या संगीतकाराची एकच रचना त्यांनी ठेवली आणि बाकीची गाणी शर्मन बंधूंकडून करून घेतली. अस्वलाचं सगळ्यांना माहीत असलेलं ‘द बेअर नेसेसिटीज’ हे त्या आधीच्या संगीतकाराचं, टेरी गिल्किसन यांचं. डिस्नेंनी भावांना सांगितलं, किपलिंग वाचू नका, जिथं भीती आहे तिथं मजा आणा. म्हणून माकडांचा राजा मोगलीला पळवून नेतो तो भयाण प्रसंग जॅझच्या ठेक्यावर नाचणारं गाणं झाला. लेकरू घाबरायच्या बेताला आलं की त्याला हसवायचं, ही युक्ती प्रत्येक आजीला माहीत असते. भावांनी ती सुरांत बांधली.

डिस्नेंबाहेर त्यांनी ‘चिटी चिटी बँग बँग’ (१९६८), ‘शार्लट्स वेब’ (१९७३) असे सिनेमे केले. ‘विनी द पू’ या अस्वलाची १९६६ पासूनची गाणीही त्यांचीच.

दोन सूर, वेगळे तरी जुळणारे

पण या दोघांचं सगळ्यांत जास्त कानांवर पडलेलं गाणं सिनेमातलं नाही. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला जागतिक प्रदर्शन भरलं. तिथं युनिसेफसाठी डिस्नेंनी एक दालन केलं. होडीत बसायचं आणि देशोदेशीच्या बाहुल्यांमधून फिरून यायचं. आधी प्रत्येक देशाच्या बाहुल्यांनी आपापलं राष्ट्रगीत म्हणायचं ठरलं होतं. एकाच वेळी सगळी राष्ट्रगीतं सुरू झाली आणि नुसता गोंगाट झाला. मग डिस्नेंनी भावांना बोलावलं. कुठल्याही भाषेत जाईल आणि सगळ्यांना एकदम म्हणता येईल असं साधं गाणं द्या, म्हणाले.

ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबावरून अमेरिका आणि सोव्हिएत रशिया अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर गेले होते. तो धसका ताजा असताना भावांनी ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ लिहिलं. गाण्याची खुबी अशी, की त्याचं कडवं आणि ध्रुवपद यांच्या चाली वेगवेगळ्या आहेत, पण दोन गटांनी त्या एकाच वेळी म्हटल्या तरी कुठं आदळत नाहीत. उलट एकीमुळं दुसरी भरून निघते.

दोन भाषांच्या घरात वाढलेल्या माणसाला हे ऐकताना ओळखीचं वाटतं. आपल्या स्वयंपाकघरात एकीकडं ‘ऊट आयता?’ चालू असतं आणि दुसरीकडं ‘जेवून घे गं’. दोन्ही बोलणी एकाच वेळी चाललेली असतात, पण कुणाचा गोंधळ होत नाही.

आणि घरी?

इथवर वाचून कुणाला वाटेल, केवढं भाग्यवान घर. पण ‘द बॉइज’ नावाचा एक माहितीपट २००९ मध्ये आला आणि पडद्यामागची गोष्ट बाहेर आली. स्टुडिओत रोज शेजारी शेजारी बसून गाणी करणारे हे भाऊ स्टुडिओबाहेर एकमेकांकडं जात-येत नव्हते. दोघांचे संसार एकाच शहरात, पण दोन्ही घरांचा एकमेकांशी संबंध जवळजवळ नाही. सणवार वेगळे, मुलांचे वाढदिवस वेगळे. समारंभ असला की दोघं फोटोपुरते शेजारी उभे राहत.

हा माहितीपट केला कुणी? रॉबर्ट यांचा मुलगा जेफ्री आणि रिचर्ड यांचा मुलगा ग्रेगरी यांनी. म्हणजे सख्ख्या चुलतभावांनी. लहानपणी ते एकमेकांना धड ओळखतही नव्हते. साखरेच्या खड्याची गोष्ट ज्याच्या तोंडून आली तोच हा जेफ्री. त्यानं बापाला एक गाणं दिलं, आणि ते गाणं चुलत्याच्या हातून सजून जगभर गेलं. पण चुलत्याच्या घरी त्याचं जाणं-येणं नव्हतं. प्रौढ झाल्यावर या दोघांनी एकमेकांना शोधलं आणि आपल्या वडिलांचं नेमकं काय बिनसलं होतं हे समजून घ्यायला कॅमेरा हातात घेतला.

सिनेमा कुणा एकाला दोषी ठरवत नाही. स्वभाव जुळत नव्हते. थोरल्याच्या आत युद्ध होतं, ते धाकट्याला दिसत नव्हतं. धाकट्याचं मोकळं हसणं थोरल्याला पेलत नव्हतं. रोजच्या कामात इतका वेळ एकत्र जायचा की त्याबाहेर एकमेकांसाठी काही उरतच नसावं. भावाभावांच्या दुराव्याला बहुतेक वेळा असं एक ठोस कारण नसतंच. वाटणी, जमीन, दागिने ही सांगायची कारणं असतात.

२००१ मध्ये रॉबर्ट यांच्या पत्नीचं निधन झालं आणि २००२ मध्ये ते लंडनला राहायला गेले. रिचर्ड बेव्हर्ली हिल्समध्येच राहिले. दोघांच्यामध्ये आता अख्खा महासागर होता, तरीही काम थांबलं नाही. ‘चिटी चिटी बँग बँग’चं नाटक २००२ मध्ये आणि ‘मेरी पॉपिन्स’चं २००४ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आलं. २००८ मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय कला पदक दोघांना मिळून मिळालं. ५ मार्च २०१२ रोजी रॉबर्ट लंडनमध्ये गेले. मुलांनी सिनेमा केला म्हणून दोन म्हातारे गळ्यात गळे घालून रडले, असं काही झालं नाही. आयुष्य एवढं सोपं नसतं. पण चुलतभाऊ मात्र एकमेकांना सापडले. बापांच्या पिढीला जे जमलं नाही, ते मुलांच्या पिढीनं थोडंफार करून दाखवलं.

रिचर्ड पुढं बारा वर्षं जगले. २०१६ मध्ये ‘द जंगल बुक’ नव्यानं आला, त्यात माकडांच्या राजाच्या गाण्याचे शब्द त्यांनी नव्यानं लिहून दिले. २०१८ मध्ये डिस्ने स्टुडिओतल्या एका जागेला दोघा भावांचं नाव दिलं गेलं. आणि नव्वदी ओलांडल्यावर, २०२३ मध्ये आलेल्या ‘वन्स अपॉन अ स्टुडिओ’ या छोट्या सिनेमासाठी, रिचर्ड पुन्हा एकदा वॉल्ट डिस्नेंच्या जुन्या खोलीत गेले. तिथल्याच पियानोवर बसून त्यांनी ‘फीड द बर्ड्स’ वाजवलं. पूर्वी शुक्रवारी त्या खोलीत तिघं असायचे. २५ मे २०२४ रोजी रिचर्डही गेले. तेव्हा ते ९५ वर्षांचे होते.

त्यांच्या गाण्यांतला प्रेमळपणा खोटा होता का, असा प्रश्न हे सगळं वाचल्यावर मनात येतो. मला तसं वाटत नाही. ज्याच्या घरी सगळं आयतं असतं, त्याला पतंग चिकटवणाऱ्या बापाचं मोल कळत नाही. जे आपल्याला आपल्या घरात जमलं नाही, ते या दोघांनी गाण्यात जमवलं. एका भावाला दुसऱ्याशी जे बोलता आलं नसेल, ते त्यानं बहुधा पुढची ओळ लिहून सांगितलं आणि दुसऱ्यानं तिला चाल लावून उत्तर दिलं.

आमच्या गल्लीतले ते दोघं भाऊ आता नाहीत. थोरला आधी गेला. त्यानंतरच्या गुरुवारी धाकटा देवळात आला, तबल्यावरचं कापड काढलं, थोडा वेळ बसला आणि न वाजवताच उठून गेला. सोप्यातली भिंत अजून आहे. एका घरातला नातू बेंगळुरूला नोकरीला आहे, दुसऱ्या घरातली नात पुण्याला गाणं शिकते. दोघं एकमेकांना भेटलेले नाहीत. पेटी तिच्या आजोबांची आहे, आणि तबला अजून त्याच्या घरी, माळ्यावर आहे. तेवढं कुणीतरी त्या दोघांना सांगायला हवं.